पायांची दुर्गंधि आणि तिचा प्रतिकार

महाड-पोलादपूर भागांत मृग लागला म्हणजे पाय कोरडे ठेवणें ही एक साधनाच होऊन बसते. इकडे सावित्री, तिकडे गांधारी आणि वरून सह्याद्रीचा पाऊस. ओटीवरील जोड्यांची रांग कधीं वाळत म्हणून नाहीं. पाहुणे जोडे काढूं लागले कीं घरांतील माणसें एकमेकांकडे पाहतात. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु त्याच्यापायीं माझ्या हातून एका मुलावर अन्याय घडला आहे, म्हणून लिहितों.

मी शिक्षक असतांनाची गोष्ट. श्रावणांत एके दिवशीं वर्गांत उग्र वास येऊं लागला. तो मागच्या बाकावरील एका मुलाच्या पायांचा आहे असें ठरलें. "पाय धुवून येत जा," असें मीं त्यास सर्वांदेखत सुनावलें व बाहेर उभें केलें. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत येईना. आठवड्यानें मी त्याच्या घरीं गेलों. डोंगराकडील वाडींतून तो रोज दीड कोस, दोन ओढे ओलांडून येत असे. जोड एकच, रात्रभर चुलीवर टांगला तरी सकाळीं दमटच. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, पाय तर तो दोनदोनदां धुतो हो." बोटांच्या बेचक्यांत सोललेली पांढरी कातडी तिनें मला दाखविली. मला उत्तर सुचलें नाहीं.

खरी गोष्ट अशी कीं, घाम स्वतः बहुधा निर्गंध असतो. तळपायांत घर्मग्रंथि फार दाट असतात. जोड्यांतील ऊब, अंधार व ओल यांत त्वचेवरील सूक्ष्म जंतु वाढतात आणि घामांतील व मृत त्वचेंतील द्रव्यें खाऊन दुर्गंधि अम्लें निर्माण करतात. म्हणजे धुतलेला पाय ओल्या जोड्यांत घातला तर धुण्याचें फळ तासाभरांत नाहींसें होतें. दोष मुलाचा नव्हता. ओल्या जोड्यांचा होता.

आपल्या पूर्वसूरींस हें अगदींच अज्ञात नव्हतें. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें 'अलस' नांवाचा विकार सांगितला आहे. दूषित चिखलाच्या स्पर्शानें बोटांचीं बेचकीं ओलीं राहून कंड, दाह व वेदना होतात, असें त्याचें लक्षण. आपण ज्यास 'चिखल्या' म्हणतों तोच हा. त्यावर तेथें कांजीचें सिंचन व एक लेप सांगितला आहे. पण त्या लेपांत हरताळासारखें विषारी द्रव्य असल्यानें तो घरीं करूं नये.

घरीं करण्याजोगे उपाय सोपे आहेत. रात्रीं पाय साबणानें धुवून प्रत्येक बेचकें स्वतंत्र, कोरड्या फडक्यानें टिपावें. जोडे शक्यतों दोन ठेवावे व आळीपाळीनें वापरावे. एकेकास निदान 24 तास सुकूं द्यावें. ओल्या जोड्यांत जुनीं वर्तमानपत्रें कोंबावीं व तीं बदलीत जावें. चुलीच्या जाळाजवळ ठेवल्यास चामडें तडकतें. मोजे सुती किंवा लोकरीचे असावे व रोज बदलावे. घाम फार येत असेल तर तुरटीच्या पाण्यांत, अथवा दुधाशिवायच्या कडक चहाच्या कोमट पाण्यांत, 20 मिनिटें पाय बुडवावे. दोहोंच्या तुरट गुणानें घाम कांहींसा आवरतो. कातडी फाटली असल्यास मात्र हे प्रयोग करूं नयेत. नुसत्या सुगंधी पुडीनें वास झांकला जातो, कारण तसेंच राहतें.

बेचक्यांत कंड सुटून कातडी सोलत असेल तर बहुधा बुरशी असते. तिच्यावरील मलम वैद्यांच्या सल्ल्यानें लावावें व बरें वाटतांच सोडूं नये. तळव्यावर बारीक खळगे पडून घाण येत असेल तर तो जंतूंचा विकार असून त्याचें औषध निराळें असतें. मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे घरांतील कोणी तरी रोज पाहावे. त्यांस जखम झाली तरी पुष्कळदां कळत नाहीं.

आणखी एक इशारा. 22 जुलै 2021 च्या महापुरांत महाड शहर पाण्याखालीं गेलें, त्यावेळीं पुष्कळांस चिखलांतच वावरावें लागलें. अशा पाण्यांत उंदरांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु येतात व ते भेगाळलेल्या कातडींतून शरीरांत शिरतात. चिखल्या झालेल्या पायांनीं पुराच्या पाण्यांत उतरूं नये. उतरावेंच लागलें व पुढें ताप आला, तर तत्काळ डॉक्टरांस गांठून पाण्यांत गेल्याचें सांगावें.

त्या मुलास मीं परत आणलें व ज्या वर्गादेखत बोललों होतों त्याच वर्गादेखत त्याची क्षमा मागितली. पावसाळ्यांत उघड्या चपला घालूं द्याव्या, हें आमच्या मुख्याध्यापकांनीं मान्य केलें. कुटुंबांतील कोणाच्या पायांस वास येत असेल तर चारचौघांत नाक मुरडूं नका, त्यास बाजूस बोलावून आधीं विचारा, "तुझे जोडे वाळले आहेत का रे?"