काळ्या तांबेऱ्याला पुरून उरलेली खपली

सांगली-साताऱ्याकडे लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीत गव्हाची खीर वाढली, की ती खपलीची आहे का, ही चौकशी होतेच. गुळात शिजलेला खपलीचा दाणा टपोरा फुगतो, मऊ होतो, पण त्याचा लगदा होत नाही. पुरणपोळी, शेवया, कुरडया यांसाठीही जुन्या घरांत हाच गहू लागतो. आता मधुमेहींचा गहू म्हणून त्याला शहरांत चढा भाव मिळतो. त्यात ग्लुटेन असते, त्यामुळे ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी खपलीही टाळायला हवी, एवढे इथेच सांगून ठेवलेले बरे.

कृष्णाकाठच्या या पिकाची जगातली खरी कीर्ती मात्र खिरीमुळे झालेली नाही. 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये स्टेकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी काळा तांबेरा या गव्हावरच्या बुरशीजन्य रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या 12 वाणांचा संच ठरवला. या बारा वाणांच्या रोपांवर बुरशीचे बीजाणू टाकायचे, काही दिवस थांबायचे आणि कोणत्या रोपावर केवढे फोड उठले ते पाहायचे. फोडांच्या त्या नोंदीवरून बुरशीची जात ठरायची. मार्क्विस, कोटा, कुबांका अशा नावांच्या यादीत एक नाव होते खपली. बहुतेक जातींच्या बुरशीपुढे तिच्या पानांवर बारीक ठिपक्यांपलीकडे काही उमटत नसे.

हा काटकपणा समजून घ्यायला गव्हाच्या घराण्यात थोडे मागे जावे लागते. खपली म्हणजे ट्रिटिकम डायकोकम, इंग्रजीत एमर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या डोंगरउतारांवर माणसाने जी पहिली धान्ये शेतात आणली, त्यांपैकी हे एक. खपलीचा रानटी पूर्वज 1906 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आरॉन आरॉनसोन यांना गॅलिलीत सापडला. खपलीत 28 गुणसूत्रे असतात, चपातीच्या गव्हात 42. एमर कुळातला गहू आणि एक रानगवत यांच्या मोजक्याच नैसर्गिक संकरांतून चपातीचा गहू जन्मला. म्हणजे त्याने सुरुवातच तोकड्या जनुकीय भांडवलावर केली, आणि पुढे निवडपद्धतीत तेही आणखी आटले. म्हणून पैदासकार पुन्हा पुन्हा जुन्या नातलगांकडे वळतात. रानटी एमरमधून दाण्यातली प्रथिने वाढवणारे जनुक मिळाले, तसेच पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारेही मिळाले.

खपलीकडून काय मिळाले, ती गोष्ट सिडनीची आहे. तिथले शास्त्रज्ञ वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाशी केला. 28 आणि 42 गुणसूत्रांची जोडी जमवणे सोपे नसते, अशा संकराची बरीच संतती वांझ निघते. तरीही त्यातून एक टिकाऊ वाण हाती आला आणि दोन्ही नावे जोडून त्याला खपस्टाइन म्हटले गेले. त्यातल्या प्रतिकारक जनुकांपैकी एकाला पुढे एसआर 13 हे नाव पडले.

1998 मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात दिसली. तिला यूजी 99 म्हणतात. जगभर ज्या एसआर 31 जनुकाच्या भरवशावर गहू उभा होता, त्याच्यावर तिने मात केली. एसआर 13 मात्र तिच्यापुढे टिकले. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुब्कोव्स्की यांच्या गटाने ते जनुक नेमके शोधून वेगळे केले. इथिओपियात या जनुकालाही दाद न देणाऱ्या बुरशीच्या जाती आढळल्या आहेत. म्हणूनच एका जनुकावर विसंबून चालत नाही, नवनवे शोधत राहावे लागते.

या शोधाचे एक ठाणे सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वरचे गहू गेरवा संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. पठारावरच्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू करपून जातात. महाबळेश्वरच्या थंड, दमट हवेत बुरशी जिवंत ठेवता येते आणि नव्या वाणांवर ती मुद्दाम सोडून कोणता तग धरतो ते पारखता येते. दक्षिणेकडच्या काळ्या तांबेऱ्याचे मूळ निलगिरी-पळणीच्या डोंगरांत आहे. हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या चक्रीवादळांबरोबर त्याचे बीजाणू उत्तरेकडे येतात आणि पावसाच्या थेंबांतून पिकावर उतरतात, हे नागराजन आणि सिंह यांनी 1975 मध्ये मांडले.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर खपली कष्टाची आहे. साध्या गव्हासारखी मळणी केली की ओंबीचे तुकडे होतात आणि दाणा तुसातच राहतो. तो मोकळा करायला पूर्वी उखळ-मुसळ होते, आता यंत्रे आली. जुने वाण उंच वाढतात आणि वाऱ्या-पाण्यात लोळतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस 2971 हा बुटका खपली वाण दिला, धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके 1025 आणि 1029 दिले. लोळण्याची अडचण त्यांनी बरीच कमी केली. तरीही स्पर्धा कठीण आहे. कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपमध्ये आघारकर संस्थेच्याच एमएसीएस 6478 या चपातीच्या गव्हाने हेक्टरी 45 ते 60 क्विंटल उत्पादन दिले. आधीच्या वाणांचे तिथे 25 ते 30 होते. असे आकडे समोर असताना शेतकऱ्याने कमी उताऱ्याची खपली कुणासाठी राखावी? तिला मिळणारा जास्त भाव म्हणूनच महत्त्वाचा. तिची शेती त्यावरच टिकून आहे.

पण बाजार मागतो लाल, एकसारखा, टपोरा दाणा. सगळेजण निवडक वाणांकडे वळले, तर घरोघर जपलेले जुने बियाणे मागे पडेल, आणि एसआर 13 सारखे अजून नाव न पडलेले काही त्यात असेल तर तेही जाईल. राष्ट्रीय जनुकपेढीतल्या शीतगृहात नमुने सुरक्षित राहतात हे खरे, पण तिथे बियाणे झोपलेले असते. शेतातले बियाणे दर हंगामात नव्या उष्म्याला, नव्या बुरशीला सामोरे जाते. मिरज, वाळवा, कराड, कोरेगाव या तालुक्यांत ज्यांच्या घरी पिढीजात खपली अजून आहे, त्यांच्याकडून मूठ-मूठ बियाणे गावाच्या नावानिशी गोळा करावे आणि महाबळेश्वरच्या वाफ्यांत आजच्या बुरशीसमोर पेरून पाहावे. केंद्र सातारा जिल्ह्यातच आहे, आणि हे काम एका रब्बी हंगामात सुरू करता येईल.