न झालेल्या गोलाचा हिशेब

जऊळका येथे कार्यक्रमानिमित्त गेलो असता एका बांधवाने आम्हाला थांबवले. "जय भीम भाऊ. पोरगं हॉकी खेयते, पन गोल नाई करत. मांगंच रायते. त्याचं काई होईन का?"

आम्ही मुरमाच्या मैदानावर तासभर उभे राहून पाहिले. वय पंधरा. समोरचा चेंडू घेऊन आला की हा पोरगा अंगावर धावून जात नाही. मागे सरकत त्याला कडेच्या रेषेकडे नेतो, 'डी'पासून लांब ठेवतो आणि चेंडू स्टिकपासून वीतभर सुटला की मगच टॅकल करतो. ही सबुरी शिकवून लवकर येत नाही.

उणिवाही आहेत. चेंडू हिसकावल्यावर मान वर करत नाही, दिसेल तिकडे मारतो. डावी बाजू कच्ची आहे. चेंडू अडवताना स्टिक उशिरा खाली जाते. पण हा दोष त्याचा नाही. मुरमावर चेंडू उसळतो, हात उसळीची वाट पाहतो. टर्फवर तोच चेंडू सरळ आणि वेगात येतो. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम मैदान आले आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. विश्वविजेत्यांची ही गत, तर आमच्या खेड्यातल्या पोराची 'गुणवत्ता' एका दिवसाच्या चाचणीत कशी मोजणार? मैदानाचा दोष मुलाच्या नावावर मांडू नये, एवढेच निवड करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे.

आणि गोलाचे म्हणाल तर, 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने 29 गोल केले. त्यातले ध्यानचंदांचे 14 सर्वांना पाठ आहेत. भारतावर एकही गोल झाला नाही, हे किती जण सांगतात? त्या संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे बचावपटू. पुढे संविधान सभेत बाबासाहेबांच्या काळातच आदिवासींची बाजू मांडणारे तेच जयपालसिंग.

बचावपटूची चूक मात्र सर्वांना दिसते. ओडिशातील सुंदरगढचा अमित रोहिदास 2013 मध्ये भारतीय संघात आला, मग बराच काळ बाहेर राहिला आणि 2017 मध्ये परतला. टोकियोत पेनल्टी कॉर्नरवर चेंडूच्या वाटेत सर्वांत आधी धावणारा तोच होता. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले. उरलेल्या दहा जणांनी सामना 1-1 असा रोखला आणि शूटआऊटमध्ये जिंकला. उपांत्य सामन्यात त्याला खेळता आले नाही आणि जर्मनीने 3-2 ने हरवले. तो नसताना त्याची किंमत कळली.

पैशाचेही विचारले. ऑक्टोबर 2024 च्या हॉकी इंडिया लीग लिलावात सर्वांत महाग ठरलेले दोघेही बचावपटूच: हरमनप्रीत सिंग 78 लाख, महिलांत उदिता दुहान 32 लाख. पण हरमनप्रीतची ती बोली मुख्यतः पेनल्टी कॉर्नरवरील ड्रॅग फ्लिकची आहे. नुसता अडवणारा एवढा महाग विकला जात नाही. त्याचा भरवसा रेल्वे, पोलीस यांच्या खेळाडू भरतीवर.

म्हणून आम्ही त्या बापाला सरळ सांगितले: पोरात बचावपटू आहे, भारतीय संघाचे आज कुणीच सांगू शकत नाही. दहावी सुटू देऊ नका. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीची चौकशी करा आणि त्याआधी महिनाभर तरी त्याचे पाय टर्फला लागू द्या. दोन वर्षांत पास देणे सुधारले नाही, तर पुन्हा बोलू.

"म्हंजे गोल नाई केला तरी चालते?" बापाने पुन्हा विचारले.