हा ठेवायचा की सोडायचा?

मुलांनो, सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली की सिएटलच्या आसपास आणखी एक गडबड सुरू होते. सॅमन मासे समुद्रातून परत येऊ लागतात आणि किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांची रांग लागते. गेल्या वर्षी आमचा मुलगाही बाबांबरोबर त्या रांगेत उभा होता. दोन तास काहीच नाही, आणि मग गळाला छान मोठा कोहो सॅमन लागला! पण शेजारच्या आजोबांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "सोडून द्या. याला पर आहे." चिरंजीवांचे डोळे भरून आले. घरी येईपर्यंत एकच प्रश्न : "का सोडला?" त्याचेच हे उत्तर.

सॅमन नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो आणि मोठा झाला की अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. घर कसे सापडते? वासाने! विस्बी आणि हॅस्लर या शास्त्रज्ञांनी आपल्याजवळच्या इसाक्वा ओढ्यावर हे तपासले. ओढ्याच्या दोन फाट्यांवर आलेले कोहो पकडून त्यांनी खाली नेऊन सोडले. काहींच्या नाकपुड्या बोळ्यांनी बंद केल्या. नाक उघडे असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्याला परतले. नाक बंद असलेल्यांपैकी बरेच मात्र चुकले. हा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला.

अंडी घातल्यावर कोहो आणि चिनूक मरून जातात. म्हणजे पिल्लांसाठी त्यांना आयुष्यात एकच संधी! धरणे, तोडलेली जंगले, वाढलेली शहरे यांमुळे नदीत आपोआप वाढणारे सॅमन कमी झाले. प्युजेट साउंडचा चिनूक तर १९९९ पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहे.

म्हणून मत्स्यपैदास केंद्रांत अंडी उबवून पिल्ले सोडतात. इसाक्वाचे केंद्र १९३६ साली बांधलेले आहे. सोडण्यापूर्वी बहुतेक पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. हीच खूण! पर नसेल तर मासा केंद्रातला. पर असेल तर तो बहुधा नदीतला, आणि बऱ्याच ठिकाणी तो सोडावाच लागतो. सोडताना त्याला पाण्याबाहेर काढू नये, पाण्यातच हळूच गळ सोडवावा.

खेकड्यांचेही असेच आहे. प्युजेट साउंडमध्ये डंजनेस खेकडा नर असेल, कवच कडक असेल आणि पाठीची रुंदी निदान सव्वासहा इंच असेल तरच ठेवता येतो. खेकडा उलटा करून पाहा : पोटावरची झडप अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मादी शरद ऋतूत याच झडपेखाली अंडी धरते, पंचवीस लाखांपर्यंत! पिंजऱ्याचे दारही सुती दोरीने बांधायचे असते. पिंजरा हरवला तर दोरी कुजते आणि आतले खेकडे सुटतात.

पालकहो, १५ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. पण सॅमन आणि खेकड्यांसाठी नोंदीचे कार्ड लागते. नियम जागेप्रमाणे आणि दरवर्षी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचे नियम जरूर पाहावेत.

आपल्या कोकणात तरी दुसरे काय आहे? पावसाळ्यात, मासे अंडी घालतात त्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच मासेमारीचा नवा हंगाम धरायचा, ही कोळी लोकांची रीत.

यंदा आमच्या घरी बदल झाला आहे. मासा लागला की चिरंजीव आधी त्याची पाठ बघतात. परवा पर दिसला, तर स्वतःच म्हणाले, "जा बाबा घरी!"

मुलांनो, आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा विचारा : तुमच्या गावी मासे कोणत्या दिवसांत धरत नाहीत? उत्तर पुढच्या अंकासाठी मराठीत लिहून आणा.