जुना फोटो जालना स्टेशनचा? आधी रूळ बघा
घरातल्या अल्बममध्ये जालना, बदनापूर किंवा परतूर स्टेशनचा जुना फोटो असेल, तर आधी रुळांकडे बघा. निजामाच्या राजवटीत १९००च्या सुमारास आलेली ही लाईन मीटरगेज होती. दोन रुळांमध्ये जेमतेम १ मीटर अंतर. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज, १.६७६ मीटरची. त्यामुळे ट्रंका-वळकट्या उतरवून तिथे गाडी बदलावी लागे. वाफेचं इंजिन दिसलं म्हणून फोटो निजामकाळचाच, असं मात्र नाही; ते स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं धावलं. १९९०च्या दशकात ब्रॉडगेज आली. स्टेशनांची नावं टिकली, जुनं रूप गेलं. फोटोमागे गाव, अंदाजे साल आणि माणसांची नावं आजच पेन्सिलीने लिहा. ओळखणारे आजोबा अजून घरात आहेत.