डाळिंबाचा रस आणि पारण्याचा पेला

सोनईपासून राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ फारसे दूर नाही. ‘भगवा’ डाळिंब हे तेथीलच वाण. आपल्या भागात अठाईचे पारणे असो वा वृद्धांचे आजारपण, डाळिंबाचा रस पुढे येतो तो साहजिकच. अलीकडे त्याला ‘अँटिऑक्सिडंट’ हे बिरुदही लाभले आहे.

डाळिंबातील पॉलिफिनॉल द्रव्ये परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरे. शरीरात मात्र आतड्यांतील जिवाणू त्यांचे रूपांतर करतात आणि हे जिवाणू प्रत्येकाच्या पोटी सारखे नसतात. शिवाय ही द्रव्ये दाण्यांपेक्षा सालीत अधिक. अख्खे फळ दाबून काढलेल्या कारखान्यातील रसात ती बरीच उतरतात, घरी दाण्यांपासून काढलेल्या रसात कमी. घरचा रस ताजेपणासाठी श्रेष्ठ मानावा. या एका गुणात तो उणाच. काही छोट्या चाचण्यांत रसाने रक्तदाब किंचित उतरला, एवढे श्रेय त्यास द्यावे.

आता साखर. २०० मिलिलिटर रसात ती सुमारे २५ ग्रॅम असते. दाणे चावून खाल्ले तर सोबत चोथा येतो आणि साखर सावकाश रक्तात मिसळते. गाळलेल्या रसात तो अडसर उरत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळरसातील साखरेस वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीत बसवते. डब्यांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये दिला, तोही अकारण नव्हे.

खरी चिंता पारण्याची आहे. केवळ उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस, मासक्षमणात तर महिनाभर काढलेल्या देहास एकाएकी गोड रस मिळाला की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाते. अशक्त शरीरात त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आप्तेष्ट एकामागून एक पेला तपस्व्याच्या ओठी लावतात, त्यात भाव असतो. मोजमाप कोणी ठेवत नाही! मुगाचे पातळ पाणी चमच्याचमच्याने देण्याची जुन्या घरांतील रीत याहून अधिक शहाणी वाटते. तपस्वी मधुमेही असल्यास पारण्याचा आहार व औषधाची मात्रा वैद्यांशी आधीच ठरवावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर रसातील पोटॅशियमही अपायकारक ठरते. तेथे डाळिंबाचा पेला वैद्यांच्या अनुमतीवाचून पुढे करू नये.