विवाहाच्या नोटिशीचे रकाने

कचेरीत नोंदणी पद्धतीने होणाऱ्या विवाहास ‘सरकारी परवाना’ लागतो, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात परवान्याची तरतूदच नाही. वधूवरांनी विवाहाधिकाऱ्यास द्यावयाची असते ती केवळ नोटीस. परवानगी मागणे निराळे आणि आपला संकल्प कळविणे निराळे, हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे त्या एकपानी कागदाचे भय वाटेनासे होते.

कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात या नोटिशीचा नमुना आहे. नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण, ते कायमचे नसल्यास कायमचे ठिकाण, आणि वास्तव्याचा काळ, एवढेच त्याचे रकाने. धर्माचा रकाना नाही, जातीचा नाही, आईवडिलांच्या संमतीचाही नाही. १८७२ च्या कायद्याखाली विवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादींपैकी कोणत्याच धर्माचे अनुयायी नाही, असे लिहून द्यावे लागे. आजच्या नमुन्यातील मौन त्या मानाने फार बोलके आहे.

नाव जन्माच्या किंवा शाळेच्या दाखल्यावर असेल तसेच लिहावे. वधूने सासरचे नाव आधीच लावू नये. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात संकोचाला जागा नाही. घटस्फोटित व्यक्ती पुष्कळदा लोकलज्जेस्तव ‘अविवाहित’ असे लिहून मोकळी होते. परंतु विवाहापूर्वी करावयाच्या प्रतिज्ञापनात हीच स्थिती पुन्हा नमूद होते, आणि तेथील खोटे विधान शिक्षेस पात्र ठरते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावरील अपिलाची मुदत टळेपर्यंत अथवा अपील फेटाळले जाईपर्यंत नवा विवाह करता येत नाही, हेही पाहून घ्यावे.

खरी अडचण येते ती वास्तव्याच्या रकान्यांत. नोटिशीच्या दिनांकापूर्वी निदान एका पक्षाचे त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य झालेले असले पाहिजे. २८ दिवस झाले असता नोटीस देणे म्हणजे पुढच्या सर्व खटाटोपाचा पायाच कच्चा ठेवणे होय. दिल्लीत नोकरी करणाऱ्या नाशिकच्या मुलीने कायमच्या ठिकाणी नाशिक लिहिले, तर नोटिशीची प्रत तेथील विवाहाधिकाऱ्याकडेही जाते व त्या कचेरीत लावली जाते. घरच्यांना कळू नये म्हणून हा रकाना कोरा सोडण्याचा मोह अनेकांना होतो. त्या मोहामागील भीती कित्येकदा अगदी खरी असते. तथापि अपुरी माहिती हे तिच्यावरचे औषध नव्हे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, नोटीस प्रसिद्ध करणे वधूवरांच्या इच्छेवर अवलंबून असावे, असा निर्णय दिला. इतर राज्यांत मात्र कचेरीतील रीत आधी विचारून घेणे श्रेयस्कर.

नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. परंतु ती कायद्याच्या अटींपुरतीच. हयात पती वा पत्नी, संमती देण्यास असमर्थ मनोवस्था, वराची २१ व वधूची १८ वर्षे पूर्ण नसणे, निषिद्ध नाते, एवढीच कारणे चालतात. ‘आमच्या कुळाला हे मान्य नाही’ ही हरकत होत नाही. घेतलेल्या हरकतीचा निकाल अधिकाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाचा असतो, आणि त्याने विवाह लावण्यास नकार दिला तर जिल्हा न्यायालयाकडे दाद मागता येते.

नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती रद्द होते व सारे पुन्हा प्रारंभापासून करावे लागते. यास्तव परगावच्या साक्षीदारांची सोय आधीच लावावी. ते तीन लागतात. त्यांच्यासमक्ष व अधिकाऱ्यासमोर वधूवरांनी एकमेकांचा कायदेशीर पती व पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारावयाचे असतात. ते उभयतांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत चालतात. कानपूरच्या किंवा कोइमतूरच्या कचेरीत मराठीतूनसुद्धा.