*शहरातला आठवडे बाजार : फायदा ठरतो उरलेल्या मालावर*



२०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी पणन मंडळाचं संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं. तेव्हापासून शहरात थेट विकणं सोपं झालंय. पण "थेट विकलं की दुप्पट पैसे" हे खरं नाही. हिशोब बघा.

*समजा मेथीच्या २०० जुड्या आहेत*
▪️ मार्केट यार्डात सगळा खर्च जाऊन जुडीला ८ रुपये हातात आले, तर १,६०० रुपये.
▪️ आठवडे बाजारात १४ रुपयांनी १६० जुड्या गेल्या : २,२४० रुपये. गाडीभाडं-जेवणखाण ४०० वजा. हातात १,८४०.
▪️ १२० च गेल्या तर १,६८० वजा ४०० = १,२८०. यार्डापेक्षा कमी!

म्हणजे १४ रुपये भाव मिळूनही ८० जुड्या उरल्या की घाटा. माल उरू नये यासाठी गिऱ्हाईक कायमचं हवं.

*गिऱ्हाईक आहे का?*
आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीप्रमाणे माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी लागते. चौघांच्या घराला आठवड्याला ११ किलो. १०० घरांनी निम्मी भाजी आपल्याकडून घेतली तरी साडेपाच क्विंटल माल जातो. शहरात ताजी भाजी हवी असणारे पुष्कळ आहेत, पण ती जवळ आणि परवडेल अशी मिळत नाही.

*काय करायचं*
१) वार, जागा, वेळ बदलू नका. एक आठवडा खाडा झाला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. सोसायटी किंवा महापालिकेची परवानगी लेखी घ्या.

२) आदल्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर मागणी घ्या आणि तेवढीच काढणी करा. सगळ्यांनी मेथीच आणू नये, कोण काय आणणार ते आधी ठरवा.

३) सकाळी सोसायटी, संध्याकाळी कामगार वस्ती. वस्तीतल्या बाया कामावरून संध्याकाळी येतात, रोजच्या पैशात पाव किलो घेतात. तिथे दहा रुपयांचे वाटे लावा. मात्र सोसायटीत उरलेला कोमेजलेला माल तिकडे नेऊ नका. वस्तीचा माल सकाळीच वेगळा काढून सावलीत ठेवा. पोराबाळांना ताजी भाजी त्यांनाही घालायची असते, आणि एकदा विश्वास बसला की ही गिऱ्हाइकं तुटत नाहीत.

४) पालेभाजी पहाटे काढा, क्रेटमध्ये उभी रचा, वरून ओलं गोणपाट टाका. पोत्यात कोंबू नका. भेंडी धुऊ नका, काळी पडते.

५) फवारणीनंतर औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोडणी नको. प्रमाणपत्र नसेल तर "सेंद्रिय" अशी पाटी लावू नका. "आमच्या शेतातली, आज पहाटे काढलेली" एवढं सांगितलं तरी पुरतं.

६) इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्या. मापात एकदा शंका आली की गिऱ्हाईक गेलंच.

👉 पहिले चार आठवडे रोज किती नेलं, किती विकलं, किती उरलं हे वहीत लिहा. पाचव्या आठवड्यात किती माल न्यायचा ते वहीच सांगेल.


– आपली शेतकरी उत्पादक कंपनी